मीटरचा दोष

स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोन मेकॅनिक उभे होते.

“काय रे, तुझी लेक हल्ली ट्रॅकवर दिसत नाही?”

“सोडलं तिनं. रेसची गो-कार्ट मीच काढून घेतली होती ना.”

“का?”

“इंजिनाच्या फेऱ्यांचा मीटर मिनिटाला अठरा हजार दाखवायचा. म्हटलं, इंजिनाची पार वाट लावलीस. ती रडत सांगत होती, मी एवढं ताणतच नाही, बाबा, आवाज तरी ऐक.”

“आणि तू ऐकला नाहीस? तू तर आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतोस.”

“त्या दिवशी आकडाच खरा वाटला. परवा मी स्वतः सावकाश चालवली, तरी तेच. बघतो तर मीटरच्या वायरीचे स्पार्क प्लगच्या वायरीभोवती नको तितके वेढे, त्यानं एकेक ठिणगी दोनदा मोजली जायची. दोन सोडवले, आकडा ताळ्यावर आला.”

“गुंडाळली कोणी होती?”

“मीच.”

“लेकीला सांगितलंस?”

“फोन केला. म्हटलं, मीटर खराब होता.”

“मीटर?”

“पुढचं तोंडातून निघेना.”

“मग आता इथे काय घ्यायला आलायस?”

“नवा मीटर. ती म्हणाली, तो बदलून टाक, बाबा, नाहीतर आणखी कुणाला तरी रडवेल.”