मंदाकाकूची बांधलेली फुलगोबी

हसू नका बे. माहा दोस्त गोल्या म्हणे, "शेजारच्या मंदाकाकूची फुलगोबी तिले समजल्याबिगर आणून दाखव," अन् मी येड्यावानी हो म्हणून बसलो.

उन्हानं फूल पिवळं पडू नाई म्हणून काकूनं वरची पानं सुतळीनं बांधून ठेवलती. मी सुतळी सोडली, आतलं फूल कापलं अन् पानं होती तशी बांधून टाकली. आम्ही भजे करून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणे, "रविवारी सिंदीहून पोरगी येऊन राह्यली, बाळाले घेऊन पहिल्यांदा. तिच्यासाठीच ठेवली हे एक. माह्ये गुडघे दुखतात, तू पाणी टाकत जाजो बाप्पा."

मग काय, चार दिवस रिकाम्या झाडाले पाणी टाकलं. काकू वरून रोज चहा दे.

रविवारी काकूनं मलेच हाक मारली. पोरगी बाळ घेऊन उभी होती.

"हा घे विळा. पाणी तू टाकलं, तूच काप."

मी सुतळीले हात लावला अन् तसाच बसून राह्यलो.

"काऊन रे, गाठ सुटत नाई का?"

"गाठ म्याच मारली काकू," मी म्हटलं. "आत काईच नाई."