सिस्टरबाईंचा शब्द

तुम्ही गोष्टींचा विषय काढलात, म्हणून आठवलं. लहानपणी पाय मोडून मी लोंढ्याजवळच्या एका मिशन दवाखान्यात पडून होते. शेजारच्या खाटेवर कणकुंबीची गंगाक्का होती. तिचं मूल जन्मतःच गेलेलं, आणि मिशनचं अन्न खाल्लं म्हणून सासरचे तिला परत नेईनात. आईबाप नव्हते. मामा न्यायला येणार, एवढाच तिला आधार.

तिथल्या सिस्टरबाई स्पेनच्या. मराठी शिकायचं म्हणून त्या रोज दुपारी गंगाक्काकडून गोष्ट ऐकायच्या.

मामाचे नुसते निरोप यायचे. कधी बैल आजारी, कधी नाचणीची कापणी. निरोप ऐकला की सिस्टरबाई हळूच म्हणायच्या, "क्वेंतो."

एकदा गंगाक्कानं विचारलं, "क्वेंतो म्हंजे काय वो?"

"आमच्या भाषेत गोष्ट. तू सांगते ती." पुढे त्या म्हणाल्या, "आणि ज्याला यायचं नाही, तो सांगतो, ती पण."

"दोन्हीला एकच शब्द?"

"एकच."

गंगाक्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तसं न्हाय वो. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं हाय आमच्यात. तुमी रोज दुपारी सांगायला लावताय, म्हणून त्यो आला न्हाय."

सिस्टरबाईंचा चेहरा पडला. त्यानंतर त्यांनी दिवसा कधी गोष्ट मागितली नाही. दिवे लागेपर्यंत थांबायच्या.

पाय बरा होऊन मी घरी निघाले, तेव्हाही गंगाक्का त्याच खाटेवर होती. मामाला वाट काही सापडली नाही.