उपकारस्तुती चालू असताना

न्हाई म्हणजे न्हाई, पाळकसाहेब — तुम्ही बसा, चहा घ्या, खारी घ्या, पण ह्या रविवारी चर्चमधी, देवानं कसं राखलं त्याची साक्ष द्यायला मी उभी राहणार न्हाई. का म्हणजे? गुडघे दुखायलेत. — हां, ते बी खरं, गुडघ्यानं कुठं बोलायचं असतं. मग घसा बसलाय म्हणा. आन दरवर्षी मीच का? तीस वर्षं झाली, तीस सप्टेंबर जवळ आला की मार्थाबाई, तुमची धरणीकंपाची साक्ष द्या. उदगीरला दिली, बिलोलीला दिली, देगलूरला तर एक मास्तर शेजारी उभा राहून तेलुगूत सांगत व्हता, माझं एक वाक्य झालं की त्याची तीन व्हायची. लोकं रडली, मी बी रडले, झालं की आता. श्रीमंतकाकाला उभं करा, त्यांचा मुतखडा पडलाय ऑपरेशनशिवाय, ते कधीचे वाट बघून राहिलेत कुणी विचारतंय का म्हून.

कोण? — हरिओम? तो तुमच्याकडं येऊन गेला? कधी? आन काय म्हणला? पहिल्या बाकावर बसतो म्हणला... बाई गं. न्हाई, ठसका लागला, पाणी हाय इथं, तुम्ही बसा. कसंय साहेब, हरिओम आमच्या जुन्या गावचा. शेतीवाले लोक, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्याची पोरगी उज्वला माझ्याच इथं वरच्या खोलीत दोन वर्षं राहिली, सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट, जेवताना बी पुस्तक — आन आता नांदेडला मेडिकलला नंबर लागला तिचा. बावीस पोरी क्लाससाठी राहायला हायत माझ्याकडं, किनवटपासून आलेल्या, पण हिच्यावर माझा जरा जास्तच जीव. हरिओमनं लातूरला आल्यावर क्लास नंतर बघितला, आधी माझं घर धुंडाळलं. म्हणला, मावशी, आईच्या मागं भरवशाचं माणूस म्हणजे तुम्हीच. आता पोरगी लागली म्हून त्याला आपल्या मंडळीत यायचंय, देवाचे आभार मानायचेत, पेढे वाटायचेत. वाटू द्या की! कोण न्हाई म्हणतंय? पण त्याला काय ऐकायचंय, सांगितलं न्हाई का त्यानं तुम्हाला? माझ्या तोंडून त्याच्या आईचं ऐकायचंय. ती रात. ती साक्ष.

तुम्ही हसून राहिलाव. म्हणत असाल, उपकारमावशी लाजली. हाव, पोरींनी तेच नाव पाडलंय माझं. टँकर आला, प्रभूचे उपकार. सिलेंडर मिळाला, उपकार. दूध उतू गेलं तर निम्मं तरी राहिलं, उपकार. जिभंला सवयच. तुमच्या आधीचे पाळक तर उपदेशात माझं नाव घ्यायचे, उपकारस्तुती कशी करावी तर मार्थाबाईवानी. मला त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं न्हाई. — काय? डोळे? मागच्या रविवारी? प्रार्थनेत माझे डोळे उघडे व्हते हे तुम्हाला कसं दिसलं, तुमचे बी उघडेच असतील ना! — रागावू नका, गंमत केली. पण खरं हाय. मी मिटत न्हाई डोळे. जेवायच्या आधी बी न्हाई. मिटले की ऐकू येतं.

काय ऐकू येतं... काय सांगू तुम्हाला. तुम्ही तवा शाळेत तरी व्हता का? ऐका मग. आमचे सर, म्हणजे आमचे मालक, तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. आम्हाला शाळेमागं पत्र्याची खोली दिलेली, आन शेजारी हरिओमची आई, केवळाबाई, दगडामातीचं दांडगं घर, वर माळवद, हातभर मातीचं छत. मला म्हणायची, तुझ्या पत्र्यात उन्हाळ्याचा शिजतो गं जीव, माझ्याकडं येऊन पडत जा. लई माया. तांब्याभर दूध रोज भिंतीवरून द्यायची. माझं नाव तिला कधी म्हणता आलं न्हाई, मार्था न्हाईच, 'मारताबाय' म्हणायची. अख्ख्या गावात मारताबाय म्हणणारी ती एकटी. आम्ही ताटावर बसून आभार मानायलो की भिंतीपलीकडून ओरडायची — मारताबाय, भाकर गार व्हायली, तुझ्या देवाला सांग, खाऊन झाल्यावर मानते म्हून! मी चिडायची. आत्ता वाटतं, बरोबरच व्हतं की तिचं.

गणपती बुडवून गाव झोपलेलं. हरिओम आन त्याचा बाप शेतात आखाड्यावर, खोपीत झोपायला गेलेले, घरात ती एकटी. चार वाजायला आले आसतील. ते गुरगुरणं, ते हलणं — ते तुम्ही ऐकलंय माझ्या साक्षीत, ते सगळं तसंच हाय, त्यात एक अक्षर खोटं न्हाई. पत्र्याचं घर म्हून आमच्या अंगावर फक्त पत्रा आला. सर, मी, दोन्ही लेकरं, बाहेर अंगणात. धुरळा असा की हात दिसंना. आन सर म्हणले, गुडघ्यावर या. आन आम्ही गुडघ्यावर आलो आन सरांनी उपकारस्तुती केली, प्रभू, तू आम्हाला राखलंस. बास. इथं मंडळी आमेन म्हणते आन मी खाली बसते.

पण त्याच्या मधी हाक आली हो. भिंतीपलीकडून. मारताबाय.

आता प्रार्थना चालू असताना आपल्यात कुणी डोळे उघडतं का? उठून जातं का? लहानपणापासनं शिकवलंय, आमेन होईस्तवर हलायचं न्हाई, लेकरू रडलं तरी न्हाई. सरांची प्रार्थना लांबडी, तुम्हाला ठाऊक न्हाई, लग्नात लोकं भुकेजून जायची. मी कशी उठणार? परत हाक आली, मारताबाय, बारीक आवाजात, चिडल्यावानी. आन मी म्हणले, प्रभू तुझी स्तुती असो, तू माझ्या लेकरांना —

हाव. मी म्हणले.

थांबा, बोलू नका. — सर न्हवते म्हणत. सरांची तर वाचाच बसली व्हती, लेकराचा सदरा धरून नुसते बसले व्हते. प्रार्थना माझी व्हती. मीच म्हणले गुडघ्यावर या, मीच सुरू केली. पहिल्या साक्षीला सरांचं नाव घेतलं, मग तेच चालू राहिलं. सर समोर बसून ऐकायचे, कधी बोलले न्हाईत. गेले ते बी, चार वर्षं झाली. आन साहेब, हाक ऐकली तवा मी आवाज वाढवला. मोठ्यानं, आणखी मोठ्यानं. सगळ्याचे उपकार मानले, पत्र्याचे, अंगणाचे, लेकरांच्या एकेका बोटाचे. जमीन आजून हलत व्हती, त्यांच्या भिंतीचे दगड गडगडत व्हते. डोळे उघडले असते तर जावं लागलं असतं ना तिकडं! आमेन म्हणले की जावं लागणार, म्हून मी आमेनच म्हणेना. कितीक वेळ? पाच मिनिटं, धा मिनिटं, देवाला ठाऊक. हाक यायची थांबली, तवा म्हणले आमेन.

उजाडल्यावर गावातल्या भुजंगनं आन दोघा-तिघांनी तिला काढलं. लई खाली बी न्हवती, दारातच, चौकटीच्या आत. भुजंग म्हणला, अंग ऊन हाय आजून. मी तिथंच उभी व्हते. हरिओम आखाड्यावरून पळत आला, दहा-अकरा वर्षांचा, आन सरळ माझ्या कमरेला मिठी मारली त्यानं.

आता त्याला पहिल्या बाकावर बसवा आन मला सांगा, बोला मार्थाबाई, देवानं कसं राखलं ते.

काय म्हणता? देवानं माफ केलंय? — असंल हो. तो करतो माफ, मोठा हाय त्यो. पण तिनं देवाला न्हवती हाक मारली. मला मारली व्हती.

न्हाई, रडत न्हाई मी. डोळे दुखतात. — तुमचा चहा गार झाला, असू द्या. रविवारच्या उपासनेच्या कागदावर माझं नाव छापायला गेलं असंल तर खोडा, श्रीमंतकाकाचं घाला. हरिओम आज पाचला येणार हाय इथं, उज्वलाच्या गाद्या-पुस्तकं न्यायला. त्याला मी सांगणार हाय. उज्वलाच्या समोर का एकटं घेऊन, ते आजून ठरलं न्हाई, पण आजच. उद्यावर टाकलं की परत तीस वर्षं जातात. — तुम्ही थांबता? कशाला? तो ओरडला तर? ओरडू द्या की. पोरीला म्हणला, ह्या बाईच्या हातचं खाल्लंस तू दोन वर्षं, तर म्हणू द्या.

हात का जोडून राहिलाव? निघताना प्रार्थना... न्हाई साहेब. आज नको. उठा तुम्ही. खाली रिक्षा थांबलीय, हरिओमचाच आवाज हाय. चप्पल तिकडं, दाराच्या डाव्या अंगाला.