सिरियाको ओलिवेरांचा ढोल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय ग्रासिएलाबाई, नगरपालिकेच्या संग्रहालयाचे संचालक श्रीयुत इबार्रा, आर्मेनियन मंडळाचे पदाधिकारी, पथकातले सगळे वादक, माझ्याबरोबर गुडघे झिजवलेल्या नाचणाऱ्या मैत्रिणी, मागच्या रांगेत थर्मास काखेत धरून मातेचा कडू चहा पीत बसलेली आपल्या पालेर्मो मोहल्ल्यातली समस्त मंडळी, आणि सत्कारमूर्ती आर्तिन केशिशियान! 'सत्कारमूर्ती' म्हणताना माझी जीभ जराशी अडखळली, हे पुढच्या रांगेच्या लक्षात आलंच असेल. साठ वर्षं मी याला 'जोडेवाल्याचा आर्तिन' म्हणत आले. सवय एका संध्याकाळीत कशी जाणार?

चाळीस वर्षं आपल्या पथकाचं नेतृत्व करून आर्तिन आता लेकीकडे साल्तोला निघाला आहे. त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोला, असं ग्रासिएलाबाईंनी मला सांगितलं. मी म्हटलं, "चारच ना? जमेल."

आत्ताच इबार्रासाहेब फार सुंदर बोलले. जोडे शिवणाऱ्या आर्मेनियन माणसाच्या मुलानं आम्हा काळ्या लोकांचा ढोल जिवंत ठेवला, यालाच शहराची विविधता म्हणतात, असं ते म्हणाले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, नाही वाजवल्या तर लोक काय म्हणतील? पण साहेब, राग मानू नका, एक विचारते. विस्तव आमच्या अंगणातला आणि फोटो मात्र शेजाऱ्याचा, ही कुठली विविधता?

हेवा वाटतो मला. या वयात कशाला लपवायचं?

माझे वडील सिरियाको ओलिवेरा रेपीके वाजवायचे. बाकीच्या ढोलांशी बोलतो, त्यांना चढवतो, दटावतो तो रेपीके. आमच्या चाळीत सत्तावीस खोल्या आणि एक अंगण. मी दहा वर्षांची होते, आर्तिनही दहाचा. हा रोज समोरच्या दुकानातून पळून यायचा आणि अंगणात तोंड उघडं टाकून बघत बसायचा. याची आई खिमा पसरलेल्या पातळ रोट्या पाठवायची, आमचे वडील त्या मिटक्या मारत खायचे. एके दिवशी वडिलांनी स्वतःच्या हातातली काठी याच्या हातात दिली. मी म्हटलं, "बाबा, मला?" तर म्हणाले, "तू विस्तव बघ, पोरी. बायका ढोल वाजवत नाहीत."

आज आपल्या पथकात अकरा मुली ढोल वाजवतात. त्यांच्याकडे बघून मला आनंद होतो. हो, होतो. आणि पोटात दुखतंही.

तर मी विस्तव बघितला. मिरवणुकीआधी कोपऱ्यावर पुठ्ठे पेटवायचे, ढोल त्या आगीकडे तोंड करून मांडायचे, कातडं शेकून शेकून आवाज चढवायचा, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण केव्हा उचलायचा, ते नखानं टिचकी मारून कानाला कळावं लागतं. ते वडिलांना कळायचं आणि मला कळतं. सत्कारमूर्तींना आजतागायत कळलेलं नाही! हसू नका, विचारा त्यांना.

पुढे लष्करी राजवटीत चाळ रिकामी करायचा हुकूम आला. भिंती पडायला आल्यात म्हणे. ट्रकमध्ये गाद्या, पातेली आणि माणसं एकत्र भरली, आणि आम्हाला शहराबाहेर एका बंद गिरणीच्या गोदामात नेऊन टाकलं. जोडेवाल्याचं दुकान मात्र रस्त्याच्या पलीकडे, म्हणून ते राहिले. ट्रक निघताना वडील खाली उतरले, रेपीके आर्तिनच्या हातात दिला, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. मी त्यांना काही विचारलं नाही. गोदामात पाच वर्षं काढून ते गेले, तोवर एकदाही विचारलं नाही. काय विचारणार? पोटची पोर समोर बसलेली असताना यांनी ढोल शेजाऱ्याला देऊन टाकला!

तरीही दरवर्षी मिरवणुकीला दोन बस बदलून मी येत राहिले आणि याचा ढोल शेकून देत राहिले. याच्यासाठी नव्हे, ढोलासाठी.

आता जे सांगणार आहे ते भाषणात लिहून आणलेलं नाही. एके वर्षी वर्तमानपत्रवाले आले. आर्तिनला विस्तवाजवळ उभं केलं. छायाचित्रकार मला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, तुम्ही मध्ये येताय." मी झाले बाजूला. पाठीमागे कातडं ताणलं जाताना मला ऐकू येत होतं. आत्ता उचलायला हवा, हे कळत होतं. मी हाताची घडी घालून उभी राहिले. कातडं फाटलं.

आर्तिननं माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "माझीच चूक. मीच जास्त जवळ सरकवला." आणि कुणाचा तरी ढोल उसना घेऊन शेवटच्या रांगेतून चालला.

लोक म्हणाले, केवढा मोठा माणूस! बघा म्हणजे. वडिलांची काठी घेतली, ढोल घेतला, आमचा मोहल्ला घेतला, आणि माझं पापसुद्धा यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं. माझं म्हणून काही ठेवशील की नाही रे?

असो. ग्रासिएलाबाई घड्याळाकडे बघताहेत. हा रेपीके आज संग्रहालयाला द्यायचा आहे, आणि आर्तिननं लिहून आणलेलं दानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. चष्मा लावते.

"पालेर्मो मोहल्ल्यातील वादक दिवंगत सिरियाको ओलिवेरा यांचा हा ढोल त्यांच्या कन्या व ढोलाच्या मालक नेलिदा ओलिवेरा..."

थांबा. हे काय आहे?

"...मालक नेलिदा ओलिवेरा यांच्यातर्फे संग्रहालयास देण्यात येत आहे. आजवर तो आर्तिन केशिशियान यांच्याकडे सांभाळण्यासाठी होता." खाली सहीची जागा कोरी आहे.

आर्तिन, हे काय लिहिलंयस? ...बसूनच बोल, गुडघा दुखतो तुझा. माइक द्या त्याला.

"उस्ताद म्हणाले होते, गोदामात ढोल सडेल. इथे सांभाळ, नेलिदा मागेल तेव्हा दे."

आणि हे तू मला शेहेचाळीस वर्षांनी सांगतोयस?

"तू कधी मागितलाच नाहीस."

मी मागितला नाही म्हणून?

"आणि मला द्यायचा नव्हता. दरवर्षी तू बसमधून उतरलीस की छातीत धडकी भरायची. वाटायचं, आज मागणार."

...पाणी द्या कुणीतरी.

ऐकलंत, मंडळी? हा मोठा माणूस! शेहेचाळीस वर्षं मी याच्यावर जळत होते, आणि हा मला बघून घाबरत होता. खरं सांगू? आजवर आर्तिनबद्दल जे जे चांगलं ऐकलं, त्यातलं हे मला सगळ्यात आवडलं.

इबार्रासाहेब, आपण पेन पुढे केलंत, आभारी आहे. काचेची पेटीही सुरेख बनवली आहे. पण मालकच जर मी असेन, तर मी सही करत नाही. तुमच्या पेटीत विस्तव पेटवता येणार नाही, आणि शेकल्याशिवाय हा बोलत नाही. बाहत्तराव्या वर्षी मला वाजवता येईल का? नाही येणार. वाईट वाजवीन. शेजारी तक्रार करतील. करू देत.

अध्यक्षांनी वेळ दिला, संग्रहालयाने समजून घेतलं, नसेल तर घ्यावं, आणि आपण सर्वांनी एका म्हातारीची जळजळ शांतपणे ऐकलीत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आर्तिनचा राहिला असेल, तर तो मुद्दाम.

ऊठ रे, जोडेवाल्याच्या. पट्टा खांद्याला लाव. ढोल जड आहे, बसस्टॉपपर्यंत तूच आणून द्यायचास.