दारापर्यंतचं अंतर

विमानतळावरच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. त्याने जन्मभर बस चालवली होती, हे त्याच्या हिशेबावरूनच कळलं.

"अकराशे चाळीस किलोमीटर. माझ्या गाडीला बावीस तास लागले असते, दोनदा चहाला थांबून."

"आणि याला?"

"एक तास पन्नास मिनिटं. नऊला सुटलं की अकराला दहा कमी. लेकीला साडेबाराला ऑपरेशनला आत नेणार. तिला सांगितलंय, अकराला तुझा हात माझ्या हातात असेल."

"विमान काय इस्पितळाच्या दारात उतरतं?"

"काहीतरीच विचारतेस."

"मग उतरल्यावर पुढे किती?"

"चल, रांग पुढे सरकली."

"अहो, मी विचारतेय."

"सत्तर किलोमीटर. त्यात गर्दीची वेळ. दोन तास तरी धर."

"पाखरूसुद्धा घरट्यापाशी उतरतं हो. शेवटच्या फेरीला म्हाताऱ्याकोताऱ्यांना थांबा नसला तरी दारात उतरवायचात. आज लेकीचंच दार विसरलात?"

"आकडा बघून हुरळलो गं."

"ती वाटेकडे डोळे लावून बसली असेल."

"दे तो फोन. खरं तेच सांगतो… बाळा, मी बोलतोय. तुझ्या बापाचा हिशेब चुकला. पोचायला मला एक वाजेल. माझ्यासाठी खोळंबू नकोस, तू आत जा… नाही, घाबरायचं नाही. शाळा सुटली की मी कुठे उभा असायचो?… हं. तिथंच. दाराच्या उजव्या बाजूला."