दुसऱ्या ‘पुरे’ला थांबणारं मशीन

आधी मला सांगा, मागच्या फलकावर ‘महिला विरंगुळा वर्ग’ असं कोणी रंगवलं? विरंगुळा म्हणं! कॉम्प्युटरपुढं बसून आमच्या माना आखडल्या, आन् ह्यांना विरंगुळा दिसतोय.

असो. सन्माननीय अध्यक्ष सदाशिवराव, व्यासपीठावरचे समदे मान्यवर, ज्यांच्या निरोपाला जमलो त्या आमच्या गजाला मॅडम, आन् पुंडलिकनगरच्या बायांनो, बाप्यांनो, ह्या कडूबाईचा नमस्कार घ्या. मी चौथी नापास. भाषण लांबलं तर सांभाळून घ्या. नाय घेतलं तरी बोलणार हायेच.

मंडळाच्या खोलीत मॅडमनी वर्ग काढला, तवा अध्यक्ष काय म्हणाले होते? “एका तरी बाईनं माझ्यासमोर प्रोग्राम चालवून दाखवावा. नाहीतर खोलीत मांडवाच्या सतरंज्या ठेवू.”

मॅडमनी सोपं गणित घातलं. पाहुण्याला पुरणपोळी वाढत राहायची, ‘पुरे’ म्हणला की थांबायचं. तेच ते फिरून फिरून करायचं, त्याला लूप म्हणत्यात. ‘असं झालं तर’ ही अट. मी लिहिलं, ‘पुरे’ म्हणला तर आणखी एक वाढ. काय चुकलं? पहिल्याच ‘पुरे’ला हात आखडला तर पाहुणा गुलमंडीच्या बाजारापर्यंत सांगत फिरतोय!

मॅडम पाहुण्या झाल्या. त्या ‘पुरे, पुरे’ लिहीत्यात, मशीन वाढतंय. पडदा पोळ्यांनी भरला, थांबायचं नाव नाय. मॅडम म्हणाल्या, “आजी, तुमच्या घरून मेहमान जिवंत परत जातो ना?” शेजारी बसलेल्या वच्छलाबाईनं तर हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

मी म्हणलं, “पहिलं ‘पुरे’ लाजंचं असतंय, दुसरं खरं.”

“मग ते मशीनला सांगा की. त्याला काय माहीत तुमची रीत?”

दुसरी कोणी असती तर कीबोर्ड ओढून दुरुस्त केलं असतं. मॅडमनी हात पाठीमागं बांधले आन् उभ्या राहिल्या. याला शिकवणं म्हणत्यात. मग मीच बसले. मशीनला ‘पुरे’ मोजायला लावलं. एक झालं तर आग्रह कर, दोन झाली तर थांब.

परीक्षेला पाहुणे म्हणून खुद्द सदाशिवराव बसले. ‘पुरे’ लिहिलं. पोळी आली, खाली अक्षरं: अहो, एवढी एक घ्याच. पुन्हा ‘पुरे’ लिहिलं. मशीन म्हणलं: बरं, हात धुवा. आन् गप झालं! तवा बायांनी ज्या टाळ्या पिटल्या, त्या अजून माझ्या कानात हायेत. सतरंज्या मुकाट्यानं गच्चीवर गेल्या.

आता मॅडम मोठ्या नोकरीवर नांदेडला चालल्या. रडायचं कशाला? पोटभर शिकवून चालल्यात. पण सतरंज्या कालपासून पुन्हा दाराशी आल्यात, मी बघितल्यात. म्हणून सांगते, सोमवारपासून नव्या बायांना मी शिकवणार.

काय म्हणालात अध्यक्ष? “कडूबाई, पुरे आता”? व्हय, पण हे पहिलं झालं. म्हणून एक आणखी वाढते.

मॅडम, तुमचे लई उपकार. बोलण्यात कमीजास्त झालं असंल तर समद्यांनी पोटात घाला. आता खोली वर्गाला का सतरंज्यांना, ते सदाशिवरावांनीच उभं राहून सांगायचं. मंडळाच्या सेक्रेटरीनं मधी तोंड घालायचं नाय.