तो रविवारचा माणूस

सन्माननीय अध्यक्ष, आपले वर्क्स मॅनेजर साहेब, व्यासपीठावरील युनियनचे पदाधिकारी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सीताराममामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या चांगुणामामी आणि तिन्ही पाळ्यांतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. कागदावर लिहूनही आणलं होतं, पण कागद उलटा की सुलटा तेच कळेनासं झालंय. असो. मामांनी आपल्या कंपनीचं गेट बावीस वर्षं सांभाळलं. आपल्या या पावणे एमआयडीसीत रस्ताही धड नव्हता तेव्हापासून. त्यांच्या पास बघण्याचे किस्से आत्ता सगळ्यांनी सांगितले. मॅनेजर साहेबांनाही त्यांनी पास मागितला, रोज डबा आणणाऱ्या राहीबाईंनाही मागितला. आपण पोट धरून हसलो. पण मामा पहिल्यापासून असे होते का हो? जुन्या लोकांनी आठवून बघावं. पूर्वी ते नुसती चाल बघून नाव सांगायचे.

मी काय सांगत होतो? हां. ब्याण्णव साल. एका रविवारी जादा कामाला प्रेसवर मी एकटाच होतो. माझं नाव दिलीप, हे आज मुद्दाम सांगतो. प्रेसची डाय, तो लोखंडी साचा, मी घाईत तिरकी बसवली आणि ती फुटली. नोकरी नवी, घरी लग्नाची बहीण. मी मागच्या भिंतीवरून पळालो. सोमवारी साहेबांसमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, मी काल आलोच नाही. माझं हजेरीचं कार्ड कुणीतरी पंच केलं."

आता हे कुणालाही पटलं कसं? तर आपल्याकडची रीतच तशी. गावाला जत्रा असली की आपण एकमेकांची कार्डं पंच करतो. साहेब, रागावू नका, तुम्हालाही ठाऊक आहे. त्यामुळे माझं खोटं लगेच खपलं. माझ्या नावाने दुसराच कुणी आत शिरला, असं ठरलं. त्याचा शोध झाला. तो सापडणार कुठून? लोक मला चहा पाजायचे. बिचाऱ्याचं नाव वापरलं, म्हणायचे. खरं सांगतो, मधली एक-दोन वर्षं मलाही वाटायचं, आला असेल कुणीतरी! माणसाचं डोकं असं कसं चालतं, मला अजून उमगलेलं नाही.

पण त्या माणसाला आत सोडला कुणी? मामांनी. परक्याला सोडलं म्हणून मेमो मिळाला, हेड वॉचमनची जागा गेली. आधी ते ठाम होते, की दिलीपच आला होता. मग एके दिवशी कॅन्टीनमागे त्यांनी मला गाठलं.

"दिलीप, रागावू नगं. त्या रविवारी तू आला हुतास न्हवं?"

"नाही मामा."

"मग म्या तंबाकू कुणाला दिली रं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं, की माणूस ओळखण्यात आपलीच चूक झाली असावी. आणि त्या दिवसापासून ते पास बघायला लागले.

एवढ्यावर मी गप्पच राहिलो असतो, भित्रा माणूस आहे मी. पण परवा निमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा मामी म्हणाल्या, "कामोठ्याच्या सोसायटीनं ह्यास्नी वाचमन म्हनून बोलावलं हुतं, ह्यांनी नगं म्हटलं. मला आता माणसं वळकू येत न्हाईत म्हनत्यात. डाक्टर म्हनतो काय बी झालं न्हाई."

मामी, डॉक्टर बरोबर बोलले. मामांना काहीही झालेलं नाही.

शांत बसा जरा, प्लीज. साहेब, तो मेमो मामांच्या फाइलमधून काढून माझ्या फाइलला लावा, पुढचं जे होईल ते होईल. मामा, तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. तुमची नजर चुकली नव्हती. माझी जीभ चुकली.

समितीने बोलायची संधी दिली, आभारी आहे. वेळ जास्त घेतला, त्याबद्दल सभेने उदार मनाने माफ करावं. मामा, तुम्ही मात्र मला लगेच माफ करू नका. आधी त्या कामोठ्याच्या सोसायटीला होकार कळवा.